पंखा बंद करण्याआधी

खट्.

दुपारच्या शांततेत बटणाचा आवाज एवढा मोठा होईल, असं रीनाला वाटलं नव्हतं. खरं म्हणजे बटण दाबायचं, असंही तिनं ठरवलं नव्हतं. ती नुकतीच बाहेरून आली होती. तोंडाला ओढणी बांधलेली तशीच, एका हातात स्कूटीची किल्ली. आतल्या खोलीत सासरे खाटेवर उताणे पडले होते. तोंड जरासं उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबलेला. बस, एवढंच तिला दिसलं आणि तिचा मोकळा हात आपोआप भिंतीकडे गेला.

पंख्याची पाती मंदावत गेली. खोलीतली हवा जागच्या जागी बसल्यासारखी झाली.

आणि मग धोंडबांनी डोळे उघडले.

ते हलले नाहीत. थांबत आलेल्या पात्यांकडे तसेच पाहत राहिले. मान न वळवता म्हणाले,

"पंखा कावून बंद केला वं?"

"लाईट गेली, बाबा."

स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता. तो दोघांनीही ऐकला.

"हाओ," धोंडबा म्हणाले. "गेली असंन."

रीनानं पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. ती मोरीत जाऊन किती तरी वेळ पायांवर पाणी ओतत राहिली. तिला भीती कशाची वाटत होती, ते तिलाच नीट सांगता आलं नसतं. बाबा गेले असं क्षणभर वाटलं, त्याची नव्हे. असं वाटलं तेव्हा तिनं त्यांना हाक मारली नव्हती, छातीवर हात ठेवला नव्हता. आधी पंखा बंद केला होता. भीती त्याची होती.

कारण पंखा हे तिचं काम होतं. 'नेत्रअंजोर', म्हणजे डोळ्यांचा उजेड, ही संस्था छत्तीसगडातल्या भिलाई-दुर्गमध्ये मेलेल्या माणसांचे डोळे मागत असे. कुणाच्या घरी कुणी गेलं की फोन यायचा, आणि फोनवर रीनाचा आवाज असायचा: "भैया, पहले पंखा बंद कर दीजिए. आँखों पर गीली रुई रखिए. सिर के नीचे तकिया. हम आ रहे हैं." वाऱ्यानं डोळे सुकतात. सुकले की बुबुळ वाया. सहा तासांच्या आत काढावं लागतं. हे बोल तिनं स्वयंपाक करताना म्हटले होते, मुलीला न्हाऊ घालताना म्हटले होते, एकदा नवऱ्याच्या मावसभावाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत उभं राहून म्हटले होते. घरात सगळ्यांना ते पाठ होते. धोंडबांनाही.

नोकरी वाईट होती असं कसं म्हणावं? गुंजन झाल्यावर तिला कुठेच कोणी घेत नव्हतं. रत्नमाला मॅडमनी घेतलं. मॅडम निवृत्त शिक्षिका. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी डोळे येऊन आंधळा झाला होता आणि शाळेत जाता-येता त्याचा हात मॅडमच्या हातात असे. हे त्या कधी भाषणात सांगत नसत. चहा गाळता गाळता सांगत. संस्थेच्या दोन खोल्यांत खिडकीच्या गजाला त्यांनीच स्वतःच्या साडीची झोळी बांधली होती तान्ह्या गुंजनसाठी, आणि रीना फोनवर बोलत असली की पायानं झोळी हलवत त्या पत्रं लिहीत. आणि गुंजनला ताप भरला असताना, "मॅडम, आज नको," असं रीनानं म्हटलं तेव्हा त्याच मॅडम शांतपणे म्हणाल्या होत्या, "बेटा, मौत छुट्टी देखकर नहीं आती." रीना गेली होती. गुंजन शेजारच्या सिंधुताईंच्या मांडीवर रडत राहिली होती.

नंदिनी नगरची एक पोरगी होती, डोळ्यांत चुना उडालेला. नवं बुबुळ बसवून पट्टी काढली तेव्हा तिनं रीनाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "अरे दीदी, आप तो इतनी सी हो! आवाज से लगा था मोटी होंगी." रीना त्या दिवशी घरी येईपर्यंत स्कूटीवर एकटीच हसत होती. असा एक दिवस मिळाला की पुढचे कितीतरी निभावून नेता येत.

पण ते पुढचे दिवस. फोन येण्याची वाट पाहायची नाही, असा मॅडमचा नियम होता. आजारी माणूस असलेल्या घरी आधीपासून ओळख ठेवायची. चहा प्यायचा, तब्येत विचारायची, चार दिवसांनी पुन्हा जायचं. मग वेळ आली की घरचे स्वतःच आठवण काढतात. रीनाला हे जमत असे, कारण तिला माणसं खरंच आवडत. म्हणून जास्त वाईट होतं. हळूहळू स्टील प्लांटच्या सेक्टरांतल्या गल्ल्यांत तिच्या स्कूटीचा आवाज लोक ओळखायला लागले. ती वळली की पुढच्या घरातला टीव्ही बंद होई. पडदे सरकत. अंगणात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणीतरी दंडाला धरून आत नेई. भाजीच्या गाड्यावरची सोनल एकदा पालक तोलता तोलता तिच्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, आज इधर किसके घर?" "किसी के नहीं. सब्जी लेने आई हूँ." सोनलनं सुटकेचा श्वास टाकला आणि वरून कोथिंबीर फुकट दिली.

एका क्वार्टरमध्ये एक म्हातारी होती. रीना तिच्याकडे फक्त आधी दिलेली पत्रकं परत घ्यायला गेली होती. म्हातारी दारातच उभी होती, जणू चाहूल घेऊन आलेली. म्हणाली, "आज नहीं बेटी. आज दाल भिगोई है. इतवार को आना." रीना हसली. रविवारी सकाळी फोन आला. फोनवरचा मुलगा म्हणाला, "अम्मा कह गई थीं कि आप आएँगी." रीनानं नेहमीचे बोल म्हटले, आणि बोलताना आपल्याच आवाजाला काटा आलेला तिला ऐकू आला.

त्या पंख्याच्या दुपारनंतर धोंडबा तिच्यासमोर झोपेनासे झाले.

सुरुवातीला थट्टा होती. ती घरात शिरली की खुर्चीतून म्हणायचे, "आली का बाई? हाओ, जित्ता हाओ अजून. जाय, चहा मांड." रीनाही हसून घ्यायची. मग त्यांनी एक दिवस खाट ओढून भिंतीला लावली, असं की बटण त्यांच्या उशाशी यावं. मग दुपारची झोप सोडली. खुर्चीत ताठ बसायचे, डोळे उघडे, समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि मान कलली की दचकून सावरायचे. रीना स्वयंपाकघरातून डोकावली की त्यांची नजर आधीच तिच्यावर असायची. दोघं एकमेकांकडे बघत. मग ती पोळी लाटायला वळायची. पाठीवर ती नजर तशीच राहायची.

रीनाला जाणवायला लागलं होतं की ती आता माणसाचा चेहरा पाहतच नाही. आधी डोळे पाहते, मग छाती, वर-खाली होते आहे की नाही. झोपलेल्या नवऱ्याची पाहते. गुंजनची पाहते.

आणि एका सकाळी गुंजनची बाहुली ओट्यावर निजलेली होती. डोक्याखाली रुमालाची घडी. दोन्ही डोळ्यांवर ओल्या कापसाचे बोळे.

"गुंजन, हे काय वं?"

"आई, हळू बोल ना," गुंजन कुजबुजली. "घरचे लोक रडून राहिले."

रीनाच्या नवऱ्याची, प्रफुलची, चरोद्याला रेल्वेत ड्युटी. त्यानं बाहुली पाहिली, बापाला पाहिलं, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या थकल्या रागानं म्हणाला,

"बाबा वाळून राह्यले, पाह्यतेस ना? पुण्य कमावून राहिली तू दुनियेसाठी, अन् इथं माणूस डोया मिटाले भेते. सोड ते काम."

"सोडू? मंग घरात बसून काय करू? तुह्या आईच्या वक्ताले कोणी विचाराले आलं असतं तं..."

"आईचं नाव नोको घेऊ."

तो बाहेर जाऊन बसला.

त्याच आठवड्यात मॅडमनी बोलावलं. नेत्रदान पंधरवड्याचा कार्यक्रम होता. कार्यकर्त्यांच्या घरची मोठी माणसं मंचावर बसवायची, सगळ्यांदेखत संकल्प करायचा, अशी मॅडमची कल्पना.

"तुम्हारे ससुरजी का क्या हुआ, बेटा?"

"पूछा नहीं, मॅडम."

"इतने घरों के दरवाजे खटखटाए. अपना रह गया?" मॅडम रागावल्या नव्हत्या. तिच्या ताटलीत आणखी एक शंकरपाळी ठेवत होत्या. "जो अपने घर नहीं पूछ सकता, वो दूसरे के घर किस मुँह से जाएगा?"

मॅडम बरोबर होत्या. नेहमीसारख्याच.

संध्याकाळी गुंजन सिंधुताईंकडे खेळायला गेली होती. धोंडबा बाहेरच्या पायरीवर बसले होते. प्लांटच्या बाजूला आभाळ तांबूस झालं होतं. तिथं ते कधीच पुरतं काळं होत नसे. रीना चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. कपाच्या कानाशी चाळा करत राहिली.

"विचार ना," धोंडबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"जे लोकायले विचारतं थे. कवाची तोंडात घेऊन फिरून राहिली."

रीनानं तोंड उघडलं. शेकडो घरांत सहज निघणारं वाक्य निघेना. रडू येईल असंही वाटेना.

"माये डोये कोणाच्या कामाचे नाई, बाई," धोंडबाच बोलू लागले. "सारी नोकरी भट्टीवर गेली. नियी काच डोयाले लावून आगीत पाहाचं, पोलाद शिजलं का नाई. आता डोया मिटला तरी आगच दिसते. कोणाले देशीन हे डोये तं थो बिचारा भेईन. उजेड मांगत होतो अन् भट्टी देल्ली, म्हणंन."

"असं नसते, बाबा. फक्त वरची काच असते थे, पातळ. आग-बिग नाई जात त्याच्यात."

"मले मालूम हाय. पोस्टर वाचलं म्या तुह्यं." ते हसले. दात नसलेलं हसू. मग एकदम थांबले. "प्रफुलची माय, कमला गेली, तवा कोणी विचारलं नाई. तिचे डोये चांगले होते. आग नोती पाह्यली तिनं. मले आजही वाटते, विचाराले पाह्यजे होतं."

प्लांटचा भोंगा झाला.

"मले मराचं भेव नाई," धोंडबा म्हणाले. "त्या दिवशी तू पंखा बंद केला. मी जागा होतो. तुहं पाऊल ऐकलं, म्हटलं आली पोरगी, आता हाक मारंन. खट् झालं. तवापासून एकच भेव हाय. का मी मरीन, अन् तू सीधी कामाले लागशीन. मी तुह्या घरचा नाई राहणार. केस होईन."

"बाबा..."

"घे माये डोये. खुशाल घे. तुह्या मॅडमले सांग, धोंडबा मेश्राम हो म्हणते. मंचावर-फंचावर मी येत नाई. पण मले एक वचन दे. आधी रडजो, बाई. पंखा मंग बंद कर."

रीनानं मान हलवली.

त्या रात्री धोंडबा गाढ झोपले, आणि पुढे रोज दुपारी झोपू लागले, ती घरात असताना. खाट पुन्हा खिडकीशी सरकली. प्रफुलनंही नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी गुंजनला शाळेत सोडून रीना परतली. धोंडबांनी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, हात धुतले, "जरा पडतो," म्हणाले. ती मेथी निवडायला बसली. मेथीची जुडी अजून अर्धीही झाली नव्हती. तिला कोणी बोलावलं नाही, काही पडलं नाही. तरी तिचा हात थांबला. घरात काहीतरी कमी झालं होतं.

ती आत गेली. या वेळी तिनं हाक मारली. "बाबा." छातीवर हात ठेवला. मग खाली, फरशीवर, खाटेला टेकून बसली.

वर पंखा फिरत होता.

धोंडबांच्या पापण्या पुरत्या मिटल्या नव्हत्या. दोन बारीक फटी. रीनाला त्या फटींवरून जाणारा वारा दिसत होता, जसा सुताराला लाकडातला वाक दिसतो. तिचा हात उठायला बघत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला. आधी रडायचं. ती वाट पाहू लागली. रडू येईना.

रात्रपाळी करून प्रफुल आला. तो दारातच फुटला, बापाच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडला. त्याला सहज आलं. रीना त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि मनात म्हणत राहिली, ये ना, ये ना.

रडणं ऐकून शेजारच्या सिंधुताई आल्या. फोटोसमोर मेणबत्ती लावली. पंख्यानं विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"अवं, पंखा तरी बंद करा कोणी," सिंधुताई म्हणाल्या.

"नाई!"

रीना एवढ्या जोरात ओरडली की सगळे तिच्याकडे बघायला लागले. प्रफुलनं डोळे पुसले. तिच्याजवळ उकिडवा बसला. हलक्या आवाजात म्हणाला,

"बाबानं हो म्हटलं होतं ना तुले? मले सांगितलं होतं त्यायनं. वक्त जाऊन राह्यला, रीना. मी बंद करू?"

"नोको. मले अजून रडाले नाई आलं."

प्रफुल तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही, कोण जाणे. पण तो बटणाच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, आणि कोणालाही त्यानं भिंतीजवळ येऊ दिलं नाही. सिंधुताईंची मेणबत्ती पुन्हा विझली. गल्लीतून बायका येत होत्या, दारातून रीनाकडे बघत होत्या. आज ती स्कूटीवरून आली नव्हती, घरचीच होती, आणि तरी त्यांची नजर तीच होती. ही बघ, हिच्याही घरी. आणि डोळ्यांत टिपूस नाही.

मग फोन वाजला. प्रफुलनंच मॅडमना निरोप दिला होता. रीनानं फोन कानाला लावला.

"बेटा," रत्नमाला मॅडमचा आवाज आला. मऊ, ठाम, न थरथरणारा. त्याच चालीत, ज्या चालीत त्यांनी रीनाला पहिल्या महिन्यात बोलायला शिकवलं होतं. "पहले पंखा बंद कर दो. आँखों पर गीली रुई रखो. सिर के नीचे तकिया. हम आ रहे हैं."

रीनानं हे बोल आजवर कधी ऐकले नव्हते. नुसते म्हटले होते.

आपला आवाज त्या सगळ्या घरांत असाच गेला होता. कोणाचा बाप असा समोर निजलेला असताना. त्यांनी उठून, पाय ओढत, पंखे बंद केले होते. कोणी तिला विचारलं नव्हतं, थांबू का थोडं. सगळे निमूट उठले होते.

आधी तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. सिंधुताई दचकून मागे सरल्या. मग ती रडली. फोन हातातून सुटला, आणि त्यातून मॅडम "बेटा? बेटा?" करत राहिल्या. ती धोंडबांच्या लोंबत्या हाताला कपाळ लावून रडली, लहान पोरीसारखी, नाक वाहतं राहिलं. कोणी तिला आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि प्रफुलच्या बाजूनं हात घालून तिनं पंखा बंद केला.

पाती थांबली. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी राहिली. रीनानं कापूस भिजवला, पिळला, आणि धोंडबांच्या पापण्या मिटवून त्यांवर ठेवला. तिनं आजपर्यंत हे कोणाच्याच घरी स्वतःच्या हातानं केलं नव्हतं. पापण्या अजून कोमट होत्या.

डोळे काढून नेणारा संस्थेचा प्रशांत बर्फाची पेटी घेऊन आला. तो नेहमी काम करताना गुणगुणत असे. त्या दिवशी गुणगुणला नाही.

रीनानं नोकरी सोडली नाही. मॅडमच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि त्यांनी ती एकदा बोलूनही दाखवली. हल्ली घरचे लोक तक्रार करतात की रीनाचा फोन मधेच कटतो. रीना म्हणाली, "कटता नहीं, मॅडम. मैं थोड़ी देर चुप रहती हूँ." समोरचा माणूस हॅलो, हॅलो करतो. मग तोही गप्प होतो. मग कधी कधी रडतो. मग ती पंख्याचं सांगते. मॅडम म्हणाल्या, "वक्त का ध्यान रखना." रीनाला ते परवानगीसारखं वाटलं.

थंडी सरत आली तेव्हा गुंजनला बूट घ्यायला ती दुर्गला गेली. बाजारात ही गर्दी. दुकानाच्या पायरीवर बसून ती गुंजनच्या पायात बूट चढवत होती. वर बघितलं तर गुंजन तिच्याकडे बघत नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे एक माणूस उभा होता. पन्नाशीचा असावा, खांद्यावर गमछा, शेजारी त्याची बायको. त्याच्या हातात डोळ्यांच्या ऑपरेशननंतर देतात तसला काळा चष्मा होता, नुकताच काढलेला. तो गुंजनकडे पाहत होता. मधून सायकली जात होत्या, एक हातगाडी गेली, तरी त्याची नजर हलली नाही. लोक लहान मुलांकडे पाहतात, पण असं नाही, इतकं संथ नाही, जणू दुसरं काही पाहायचं उरलंच नाही. मग तो हसला. गुंजननं हात हलवला.

बायकोनं त्याला बाहीला धरून ओढलं. "चल न गा," म्हणाली. तो चालायला लागला, मान मागे वळवलेली, वळणापर्यंत.

कोणाचे डोळे कुठं गेले, हे सांगायचं नाही असा संस्थेचा नियम होता, आणि ते रीनालाही माहीत नव्हतं. मॅडमना विचारायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. चष्मा काढून जगाकडे बघणारी माणसं दुर्गला पुष्कळ येतात.

तिच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली.

"आई," वळणाकडे बघत गुंजननं विचारलं, "थे आपले कोण लागतात?"